१७३७ हे साल कोणाच्या मालकीचे?

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस जिनिव्हा येथे भरलेल्या घड्याळांच्या प्रदर्शनात फाव्र-ल्युबा हे नाव पुन्हा एकदा बाजारात आले. ज्यांच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे घड्याळ अजून कपाटात जपलेले आहे, अशा अनेकांना हे नाव 'फेवरल्युबा' या आपल्या उच्चाराने ओळखीचे असेल. या वेळी नावाचा मालक भारतीय आहे. महागड्या परदेशी घड्याळांची दालने चालवणारी चंदीगडची इथॉस आणि घड्याळांच्या तबकड्या व काटे बनवणारी केडीडीएल या समूहाच्या सिल्व्हरसिटी ब्रँड्स या कंपनीने ते २०२३मध्ये विकत घेतले. जुनी स्विस पेढी भारतीयांच्या हाती आली म्हणून आपल्याकडे त्या बातमीचे कौतुक झाले, आणि ते स्वाभाविकही होते. पण त्या कौतुकात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. या नावाबरोबर १७३७ हे साल मिरवले जाते. नाव विकत मिळते हे मान्य. पण साल विकत मिळते का?

हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. युरोपातील बंद पडलेल्या घराण्यांची नावे विकत घेऊन त्यांना नव्याने उभे करणे हा आता एक स्थिरावलेला व्यवसाय आहे, आणि त्यात नावापेक्षा सालालाच अधिक किंमत मोजली जाते असे म्हणायला जागा आहे. माझे म्हणणे असे की, साल वापरण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने त्या सालापासूनची देणीही पत्करली पाहिजेत. आणि ती पत्करायची नसतील, तर मधला खंड किती वर्षांचा होता हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे बंधन त्याच्यावर असले पाहिजे. फाव्र-ल्युबाचे उदाहरण मी घेतो ते त्या कंपनीवर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. या कुटुंबाचा इतिहास खरोखर मोठा आहे, त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि त्यातूनच हा प्रश्न नीट समजतो.

न्यूशाटेल परगण्यातील ल लोक्ल हे गाव जुरा पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळा लांब आणि जमीन कसदार नाही. बर्फ पडू लागले की शेतीची कामे थांबत, आणि शेतकऱ्यांची घरे खिडकीशी बाक लावून घड्याळाचे सुटे भाग घडवू लागत. एका घरात चाके, दुसऱ्यात स्क्रू, तिसऱ्यात तबकड्या, आणि हे सगळे गोळा करून घड्याळ जुळवणारा व त्यावर आपले नाव घालणारा एखादा उद्योजक, अशी ही विभागलेली कामाची पद्धत होती. पुढे ल लोक्ल आणि शेजारचे ला शो-द-फों ही दोन्ही गावे याच घडणीमुळे २००९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. अशा गावात १७३७ साली आब्राहाम फाव्र या माणसाचा 'घड्याळजी' म्हणून कागदोपत्री उल्लेख सापडतो. सगळी इमारत उभी आहे ती या उल्लेखावर. त्या साली कंपनी स्थापन झालेली नव्हती. एका माणसाचा धंदा कोणीतरी नोंदवून ठेवला होता. आणखी एक गंमत अशी की १७३७मध्ये न्यूशाटेल स्वित्झर्लंडमध्ये नव्हतेच. १७०७पासून त्यावर प्रशियाच्या राजाचे अधिपत्य होते, आणि स्विस महासंघात तो परगणा आला १८१५च्या सुमारास. म्हणजे '१७३७पासूनचे स्विस घराणे' या शब्दप्रयोगातले सालही थोडे ताणलेले आणि 'स्विस'ही थोडे ताणलेले आहे.

अर्थात कुटुंबाने आपल्या मूळ पुरुषापासून काल मोजावा यात वावगे काही नाही. आब्राहामचा मुलगा, त्याचे भाऊ, त्यांची मुले असा धंदा वाढत गेला, १७९२मध्ये 'आ. फाव्र आणि मुलगे' अशी पेढी निघाली; आणि न्यूशाटेल स्विस होण्याच्या त्याच सुमारास ऑग्युस्त ल्युबा या घड्याळांच्या व्यापाऱ्याशी भागीदारी होऊन फाव्र-ल्युबा हे जोडनाव तयार झाले. घडवणारे घर आणि विकणारे घर यांची ती सोयरीक होती. पुढच्या पिढीतल्या फ्रिट्झ फाव्र याचे लग्नही ल्युबा घराण्यातल्याच मुलीशी झाले. हा फ्रिट्झ दूरदूरचे प्रवास करणारा होता. डोंगरातल्या गावात बसून घड्याळे खपत नाहीत हे त्याला उमगलेले होते, आणि त्या प्रवासांतून १८६५मध्ये मुंबईत पेढीची शाखा निघाली.

हे साल महत्त्वाचे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा वाहत होता, आणि कालची बँक आज दुप्पट भावाने विकली जात होती. १८६५च्या उन्हाळ्यात युद्ध संपल्याच्या वार्तेने तो फुगा फुटला आणि शहरातली मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. फाव्र-ल्युबाने मुंबईत पाय रोवला तो या सालात, आणि तरीही ती पेढी टिकली. कापसाचा पैसा गेला, पण रेल्वे, गिरण्या, न्यायालये, बंदर आणि तारखाते राहिले, आणि या सर्वांना नेमकी वेळ कळणे गरजेचे होते. शिवाय वेळेबद्दल मुंबईइतके भांडलेले शहर विरळा. रेल्वेची मद्रास वेळ, मग १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ, आणि तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्वतःची वेळ, जी शहरात १९५५पर्यंत पाळली गेली; एकाच रस्त्यावर दोन वेळा चालत असताना खिशात घड्याळ असणे ही चैन राहिली नाही, गरज झाली. वेस्ट एंड ही दुसरी स्विस पेढीही १८८०च्या दशकात मुंबईतच उभी राहिली, हा योगायोग नव्हता.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'सी चीफ', 'सी किंग' ही फाव्र-ल्युबाची घड्याळे मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचली. लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत होती, आणि ते 'स्वीस' असावे असा आग्रह. 'सतरा ज्वेलचे आहे' (ज्वेल म्हणजे आतल्या चाकांच्या आसांना आधार देणारे खडे) हे वाक्य वधुपक्षाकडून जरा मोठ्याने बोलले जाई. १९६१मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली तेव्हा देशी घड्याळ आले, पण 'फेवरल्युबा'ची ऐट निराळीच राहिली. या ऐटीला केवळ नावाचा आधार नव्हता. १९५०च्या दशकात कंपनी स्वतःची मशिने बनवू लागली होती. १९६२मध्ये तिने 'बिव्हूआक' काढले. हवेचा दाब आणि उंची दाखवणारे ते पहिले यांत्रिक मनगटी घड्याळ. घड्याळाच्या पोटात धातूची एक चपटी, बंद डबी असते. गिर्यारोहक वर चढू लागला की हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते, आणि ते केसाइतके फुगणे तरफांमधून वाढत जाऊन तबकडीवरचा एक वेगळा काटा सरकवते. त्यासाठी बाहेरची हवा आत येऊ द्यावी लागते आणि धूळ व ओल मात्र आत येता कामा नये. मनगटावर मावणाऱ्या वस्तूत या दोन परस्परविरोधी गरजा भागवणे हे खऱ्या कारागिरीचे काम होते. वॉल्टर बोनात्तीसारख्या गिर्यारोहकाने ते आल्प्समध्ये वापरले. पुढे 'बॅथी' या घड्याळाने हीच युक्ती उलटी करून पाण्याच्या दाबावरून पाणबुड्याला खोली दाखवली. आब्राहामच्या नावाचा वंश तेव्हाही चालू होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घड्याळ घडवण्याचे शहाणपणही चालू होते.

मग १९६९ उजाडले. जपानच्या सेइकोने वर्षअखेरीस क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले, पुढच्या काही वर्षांत डॉलरच्या तुलनेत स्विस फ्रँक महाग झाला, आणि १९७०मध्ये सुमारे ९० हजार लोकांना काम देणारा स्विस घड्याळ उद्योग पंधरा-सोळा वर्षांत त्याच्या एक-तृतीयांशावर आला. फाव्र-ल्युबाने दुसऱ्या कंपन्यांबरोबर गट करून पाहिले, पण १९८०च्या दशकात कुटुंबाला धंदा विकावा लागला. आठ पिढ्यांनंतर फाव्र घराण्याचा संबंध संपला. त्यानंतर ते नाव हातोहात फिरत राहिले. आलिशान वस्तूंच्या एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाकडेही ते काही काळ होते. २०११मध्ये टाटांच्या टायटनने ते सुमारे २० लाख युरोंना घेतले, २०१६मध्ये नव्या घड्याळांसह आणले, आणि काही वर्षांनी तो प्रयोग थांबवला. त्यानंतरचा मालक म्हणजे आजचा.

आता विचारण्याजोगा प्रश्न असा: २०११ आणि २०२३मध्ये नेमके काय विकले गेले? कारखाना नव्हता. कारागीर केव्हाच पांगले होते. उरले होते ते नाव, चिन्ह, काही जुनी नमुनेवजा घड्याळे आणि एक आठवण. आपला १९९९चा व्यापारचिन्ह कायदा या बाबतीत फार प्रांजळ आहे. त्याच्या ३८व्या कलमानुसार नोंदणीकृत चिन्ह धंद्याच्या नावलौकिकासह किंवा नावलौकिकाशिवायही हस्तांतरित करता येते. म्हणजे चिन्ह वेगळे आणि त्यामागचा चालता धंदा वेगळा, हे कायद्यालाच मान्य आहे. मग साल कशाबरोबर जाते? माझ्या मते ते चिन्हाबरोबर जाऊ शकत नाही. चिन्ह ही मालमत्ता आहे. १७३७पासून आम्ही आहोत हे मात्र एका वस्तुस्थितीबद्दलचे विधान आहे, आणि विधान खरे की खोटे हे खरेदीखताने ठरत नाही.

एकेकाळी स्वित्झर्लंडमध्येच याचे उत्तर आजच्यापेक्षा कडक होते. ब्लांपां हे घराणे १७३५ हे साल सांगते. १९३२मध्ये त्या कुटुंबातील शेवटचा मालक वारला आणि बेट्टी फिश्टर या अनेक वर्षे तिथेच काम केलेल्या बाईंनी एका सहकाऱ्यासह धंदा विकत घेतला. कारखाना तोच, माणसे तीच, घड्याळे तीच. पण मालकांमध्ये घराण्यातले कोणी उरले नसल्याने त्या काळच्या कायद्याप्रमाणे कंपनीला घराण्याचे नाव ठेवता आले नाही. व्हिल्रे या गावाच्या नावातली अक्षरे उलटसुलट करून त्यांना 'रेव्हिल' असे नाव घ्यावे लागले. जिने कामाची परंपरा अखंड चालवली तिला नाव मिळाले नाही. आणि पुढे काय झाले पाहा: क्वार्ट्झच्या वादळात ते काम बंद पडल्यावर १९८०च्या दशकाच्या आरंभी झां-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी निव्वळ नाव सुमारे २२ हजार फ्रँकांना घेतले, '१७३५पासून ब्लांपांचे क्वार्ट्झ घड्याळ कधी झाले नाही आणि कधी होणारही नाही' अशी घोषणा केली, आणि दहाएक वर्षांत ती कंपनी सहा कोटी फ्रँकांना विकली. घोषणा अक्षरशः खरी होती, कारण क्वार्ट्झच्या काळात ब्लांपां जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. बिव्हर यांच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते. त्यांनी उत्तम घड्याळेही बनवली. पण २२ हजार आणि सहा कोटी यांच्यातल्या फरकाचा बराच भाग त्या घोषणेतल्या सालाने कमावला, हे विसरता येत नाही.

बेट्टी फिश्टर यांच्यावर कायद्याने अन्याय केला असे मला वाटते, कारण मी रक्ताच्या नात्याचा आग्रह धरत नाही. पाटेक फिलिप ही १८३९ सांगणारी जिनिव्हाची पेढी १९३२मध्ये, म्हणजे त्याच मंदीच्या वर्षी, चार्ल्स आणि झां स्टर्न या भावांनी घेतली. स्टर्न भाऊ कोण होते? पाटेकला तबकड्या पुरवणाऱ्या कारखान्याचे मालक. घड्याळ बुडायला लागले आणि तबकडीवाल्याने ते वाचवले. आज त्या घराण्याची चौथी पिढी पेढी चालवते. पाटेक किंवा फिलिप यांच्याशी त्यांचे रक्ताचे नाते नाही, तरीही १८३९ म्हणण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारणार नाही, कारण त्यांनी चालता कारखाना घेतला, बाकावरची माणसे तशीच ठेवली, वह्या जपल्या, आणि खंड पडू दिला नाही. तबकडी बनवणाऱ्याने घड्याळाचे घराणे घ्यावे हा प्रसंग २०२३मध्ये पुन्हा घडला. हिमाचलमधल्या परवाणूत तबकड्या बनवून स्विस कंपन्यांना पुरवणारी केडीडीएल ही स्टर्न भावांच्या जागीच उभी आहे. फरक इतकाच की स्टर्न यांना श्वास चालू असलेली पेढी मिळाली, आणि केडीडीएलच्या वाट्याला जवळजवळ चाळीस वर्षे कुटुंबाविना व बराच काळ कारखान्याविना भटकलेले नाव आले.

इथे मुंबईच्या चोर बाजाराकडे वळणे भाग आहे. तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवण्याचे काम पिढ्यान्पिढ्या चालते. डागाळलेली तबकडी काढून तिचा जुना रंग घासून काढायचा, नवा रंग फवारायचा, बहुधा मूळ घड्याळात कधीच नसलेला झगझगीत निळा किंवा केशरी, आणि मग ठशाने फाव्र-ल्युबाचे नाव उमटवायचे. भिंगाखाली धरले की अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, सेकंदकाट्याचे छोटे वर्तुळ जरा एका बाजूला सरकलेले असते, आणि मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. परदेशी संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात आणि जाणत्याने ते घेऊ नये असे एकमेकांना बजावतात. ते बरोबरच आहे. रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि मी तिची वकिली करणार नाही. पण पाठीमागचे झाकण उघडले तर आत बहुतेक वेळा साठ वर्षांपूर्वी फाव्र-ल्युबाच्याच कारखान्यातून निघालेले मशीन टिकटिकत असते, कधी दोन घड्याळांचे मिळून एक केलेले. नव्या घड्याळात त्या कुटुंबाच्या कारखान्यातला एकही स्क्रू असणे शक्य नाही. नाव दोन्ही ठिकाणी नंतरच उमटवलेले आहे. एकाकडे ते उमटवण्याचा कायदेशीर परवाना आहे, दुसऱ्याकडे नाही; हा भेद खरा आहे आणि मोठा आहे. पण परवाना नाव उमटवण्यापुरता आहे. वय सांगण्याच्या बाबतीत मात्र चोर बाजारातला ठसेवाला आणि जिनिव्हातला जाहिरातदार यांच्यातले अंतर आपण समजतो तितके नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, की ग्राहक काही दूधखुळा नाही. दोन-तीन लाखांचे घड्याळ घेणारा माणूस कंपनीचा इतिहास जाणतो. हौशी संग्राहक जाणतो, हे खरे. पण दालनात जाऊन मुलाच्या लग्नासाठी घड्याळ घेणारा गृहस्थ तबकडी आणि पुस्तिका यांवर विश्वास ठेवतो, आणि कायदा अशाच ग्राहकासाठी असतो. दुसरा आक्षेप असा की नाव विकत घेणाऱ्यांनी ते जिवंत केले नसते तर बिव्हूआक आणि बॅथी विस्मरणात गेली असती. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो आदराने ऐकतो. जुन्या रचनांचा नव्याने अभ्यास होतो, तरुण अभियंत्यांना काम मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण खंड मान्य केल्याने यातले काहीच अडत नाही. आठ पिढ्या चाललेल्या आणि १९८०च्या दशकात थांबलेल्या घराण्याचे काम आम्ही २०२४पासून पुढे नेतो आहोत, हे वाक्य लाजिरवाणे नाही. मला तर ते जास्त रोचक वाटते.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. आपल्या बाजारपेठांत, सराफकट्ट्यांवर, मिठाईच्या दुकानांवर 'स्थापना' लिहून जे साल रंगवलेले असते त्याचे काय? भावाभावांची वाटणी होते, एका दुकानाची तीन होतात, आणि तिन्ही पाट्यांवर आजोबांचे तेच साल चढते. कोणी पणतूने मधली तीस वर्षे दुकान बंद ठेवलेले असते. आपण ते चालवून घेतो, मग परदेशी नावालाच एवढे खोदून का विचारायचे? माझे उत्तर असे की आपल्याकडेही विचारावे. पण तिथे निदान घराण्यातल्या माणसाने घराण्याचे साल सांगितलेले असते, आणि पेढ्याचा दर त्या सालामुळे दहापट झालेला नसतो.

प्रश्न आत्ताच विचारण्याचे कारण आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधला व्यापार करार ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला असून, स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. आणखी जुनी नावे आपल्या दालनांत येतील. स्वित्झर्लंडने देशाच्या नावाबद्दल कमालीची दक्षता घेतलेली आहे: २०१७पासून घड्याळावर 'स्विस मेड' लिहायचे तर उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथे झालेला असावा लागतो, मशीन स्विस असावे लागते आणि अंतिम तपासणीही तिथेच व्हावी लागते. जागेचे मोजमाप टक्क्यांत, आणि काळाचे मात्र विक्रेत्याच्या मर्जीवर. पैसा दोन्हींतून सारखाच येतो, त्यामुळे हा दुटप्पी न्याय मला पटत नाही.

आपल्याकडे यासाठी नवा कायदाही करायला नको. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. प्राधिकरणाने एवढेच स्पष्ट करावे की, स्थापनेचे साल छापणाऱ्याने मालकी बदलून उत्पादन थांबले असेल तर पुन्हा सुरू झाल्याचे सालही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे; घड्याळाच्या मागच्या झाकणावर नको असेल तर हमीपत्रावर आणि जाहिरातीत. याला खर्च शून्य आहे. भारतीय मालकाच्या कंपनीला यातून सूट मिळावी असे कोणी म्हणेल, तर मी उलट म्हणेन की सुरुवात तिथूनच व्हावी. १९८४मध्ये सुरू झालेल्या टायटनने कोणत्याही पूर्वजाचा आधार न घेता देशातल्या असंख्य मनगटांवर जागा मिळवली; आपल्या उद्योगाला उसन्या आजोबांची गरज आहे असे त्यावरून दिसत नाही. आणि परवाणूच्या कारखान्यातल्या तबकड्या युरोपातल्या घड्याळांत बसतात, ही गोष्ट आब्राहाम फाव्रच्या कागदी नोंदीपेक्षा कितीतरी ताजी आणि स्वतःची आहे.

ज्याला हा खंड छापायचा नसेल त्याच्यासाठी दुसरा मार्गही खुला असावा, आणि तो स्टर्न घराण्याने दाखवलेला आहे. पाटेक फिलिप १८३९पासून आपण बनवलेले कोणतेही घड्याळ दुरुस्तीला घेते, आणि जुन्या वह्यांतून त्या घड्याळाच्या जन्माचा उतारा काढून देते. वारसा सांगणे म्हणजे हे. आपल्याकडच्या जुन्या हिंदू कायद्यात वडिलांची इस्टेट आणि वडिलांचे कर्ज या दोन गोष्टी बराच काळ एकत्रच मुलाकडे येत. घर घेतले आणि सावकाराला ओळखतच नाही म्हटले, असे चालत नसे. तोच निकष इथे लावावा. फाव्र-ल्युबाच्या आजच्या किंवा उद्याच्या मालकाने १७३७ जरूर लिहावे, मात्र त्या सालाबरोबर १९६५चे बंद पडलेले सी चीफ घेऊन साताऱ्याहून आलेला निवृत्त शिक्षक दालनात उभा राहिला, तर त्याच्या घड्याळाचा तुटलेला बॅलन्स स्टाफ, म्हणजे आतल्या डोलणाऱ्या चाकाचा बारीक आस, बनवून देणे, तबकडी मूळची आहे की चोर बाजारातली हे लेखी सांगणे आणि त्यासाठी जुन्या नोंदी शोधून जुळवणे हे सगळे त्याच्या अंगावर येईल. मुंबई शाखेची नोंदपुस्तके, विक्रीच्या पावत्या, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यांतले जे काही या शहरात आणि न्यूशाटेलमध्ये उरले असेल ते गोळा करून अभ्यासकांना खुले करावे लागेल. हे काम खर्चाचे आहे, वेळखाऊ आहे, आणि त्यातून नवे घड्याळ एकही विकले जाणार नाही.